मधल्या जागेचं मत

शोरूममध्ये पाऊल टाकल्याबरोबर घरातल्या चौघांनी गाडीची चार दारं उघडली. दादा स्टिअरिंगपाशी, राजा त्यांच्या शेजारी, वहिनी मागच्या एका खिडकीशी, सूनबाई दुसऱ्या. आत्या बाहेरच उभी राहिली. मधे बसणाऱ्याला आपलं असं दार नसतं. कुणालातरी गुडघे आखडून वाट द्यावी लागते.

"या वन्सं," वहिनींनी गुडघे बाजूला केले.

"बसते," आत्या म्हणाली, पण बसली नाही. गाडीभोवती एक फेरी मारायला निघाली.

गाडी देखणी होती, त्यात वाद नाही. तीच गाडी घरात चौथ्यांदा येणार होती. नाव तेच, पुढच्या दिव्यांमधला तो किंचित खट्याळ भाव तोच, आणि बाहेरून एवढीशी दिसून आत सगळ्यांना सामावून घेण्याची माया तीच. पहिली खोक्यासारखी चौकोनी होती. आरसा एकाच बाजूला, काचा हाताने फिरवायच्या, आणि चढ आला की अख्खं घर मनातल्या मनात ढकलायचं. तिच्यातून अण्णांनी, म्हणजे दादांच्या आणि आत्याच्या वडिलांनी, एकदा काचेचं कपाट आणलं होतं दुकानासाठी, दार दोरीने बांधून. दुसरी जरा गोलसर. राजा जन्मला तेव्हा इस्पितळातून तिच्यातूनच घरी आला. तिसरी बाहेर उभी होती, रंग उडालेली, चौदा वर्षांची, आजवर एकदाही रस्त्यात दगा न दिलेली. माणसांना नोकरीतून निवृत्त होताना शाल-श्रीफळ मिळतं. या गाडीला खरं तर तेवढं द्यायला हवं होतं.

आत्याने मागच्या चाकाच्या कमानीवरून हात फिरवला. वाक तोच. डोळे मिटूनही ओळखला असता.

"आत्या, मत तयार ठेव हं," राजा आतून ओरडला. "शेवटी तुझंच चालणार!"

हा अण्णांचा नियम. पहिली गाडी आली त्या दिवशी खिडकीवरून भांडणं झाली आणि घरातलं सगळ्यात लहानखुरं माणूस म्हणून वीस वर्षांच्या चिमणीला, म्हणजे आत्याला, मधे कोंबण्यात आलं. तिचा चेहरा पडलेला बघून अण्णा म्हणाले होते, "चालवणाऱ्याला गाडी चांगलीच वाटते, खिडकीवाल्याला बाहेरचं दिसत असतं. गाडी कशी आहे ते मधे बसणाऱ्यालाच कळतं. यापुढे या घरात गाडी घेताना मधल्या जागेचं मत शेवटचं." नियम मोठा उदार होता. त्यानंतर एकेचाळीस वर्षं मधल्या जागेवर आत्याच बसत आली, दोनदा तिचं मत विचारलं गेलं, आणि दोन्ही वेळा तिने दादांच्या मनातलं मॉडेल सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियम पाळल्याचं समाधान, आणि हवं ते पदरात.

आत्याला हे कळत नव्हतं असं नाही. अण्णांचं चष्म्याचं दुकान छत्तीस वर्षं तीच चालवत होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एकेक काच सरकवायची आणि विचारायचं, "आता बरं की आधी बरं?" एवढ्या वर्षांत तिने एक ताडलं होतं. निम्मी माणसं डोळ्यांनी उत्तर देतच नाहीत, विचारणाऱ्याच्या आवाजाचा कल बघून देतात. म्हणून ती मधेच एखादी काच काढून पुन्हा तीच घालायची. "आता बरं," असं कुणी म्हणालं की समजायचं, हे गिऱ्हाईक भिडस्त आहे, याचा नंबर जपून काढायला हवा. गाडीच्या बाबतीत आपणही भिडस्त गिऱ्हाईकच आहोत, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पण आज तसं होऊन चालणार नव्हतं. आज तिच्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीत, चष्मा असतो त्या जागी, ड्रायव्हिंग लायसन्स होतं.

सात महिने ती सकाळी साडेसहाला "फिरायला" जात होती. दुकानामागच्या गल्लीत ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथले मास्तर तिच्याकडूनच चष्मा करून घेत. पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना खांबाला लागली, दुसऱ्यात पास झाली. एकसष्टाव्या वर्षी. घरात कुणाला पत्ता नव्हता. हे खूळ हौसेचं नव्हतं. दर शनिवारी काचांची पेटी घेऊन ती नदीपलीकडच्या वस्त्यांमध्ये डोळे तपासायला जायची. सुईत दोरा ओवता येईना म्हणून शिवणकाम सोडून बसलेल्या बायका तिथे रांग लावायच्या. पण पेटी जड, बस जात नाही, आणि घरातल्या कुणाला वेळ असेल तर शनिवार, नाहीतर पुढचा शनिवार. मागच्या दोन महिन्यांत तीनच वेळा जाणं झालं होतं. त्यात डावा गुडघा झिजलेला. शिकताना क्लच दाबून दाबून तो असा ठणकायचा की रात्री त्याच्याखाली उशी घ्यावी लागे. मास्तरांनी एकदा स्वतःची ऑटोमॅटिक चालवायला दिली, आणि आत्याला पहिल्यांदा वाटलं की रस्ता आपलाही आहे.

म्हणजे तिला ऑटोमॅटिक हवी होती. आणि घरात ऑटोमॅटिक कुणालाच नको होती.

विक्रेती मुलगी माहितीपत्रक घेऊन आली. नोकरीचा पहिलाच महिना असावा. पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकत होती. "बेस मॉडेल, मधलं मॉडेल, टॉप मॉडेल. बेस आणि टॉप गिअरवाले, मधल्यात ऑटोमॅटिक मिळते. एअरबॅग सगळ्यांत सहा. टॉपला सनरूफ, मोठा स्क्रीन..."

"बेस," दादांनी हात वर केला. ते शाळेत चित्रकला आणि भूमितीचे मास्तर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांचा हात खडू धरल्यासारखाच वर जायचा. "गाडीला चार चाकं, एक इंजिन. बाकी सगळी नटवानटवी. पहिल्या गाडीत काय होतं? काही नव्हतं. अडलं का कुणाचं?"

"तुमचं नाही अडलं," वहिनी म्हणाल्या. "उन्हाळ्यात मागे आमच्या भाकऱ्या भाजत होत्या."

"बाबा, टॉपच घेऊ," राजा म्हणाला. "पंधरा वर्षं वापरणार ना? मग कंजुषी कशाला? सनरूफ बघा, कसं उघडतं!" त्याने बटण दाबलं. छताचा तुकडा मागे सरकला आणि शोरूमच्या छताला टांगलेला पंखा दिसू लागला.

"वा," सूनबाई म्हणाली. "पंखा छान आहे."

"तू माझ्या बाजूने आहेस की नाही?"

"मी मागच्या बाजूने आहे. मागे एसीची झडप कुठे आहे ते सांग, मग बाजू सांगते."

ती झडप मधल्या मॉडेलला होती, टॉपला होती, बेसला नव्हती. सूनबाई तिथल्या तिथे राजाच्या पक्षात गेली. वहिनी आधी दादांबरोबर होत्या, पण सीटची उंची कमीजास्त करायची सोय बेसला नाही हे कळल्यावर त्याही डळमळल्या. दादांनी एकाकी किल्ला लढवायला घेतला.

"आणि ती ऑटोमॅटिक?" आत्याने विचारलं. सहज विचारल्यासारखं, पर्सची चेन लावत.

"ती?" दादा हसले. "ती लोळणाऱ्यांची गाडी. दम नाही, ओढ नाही. दर वळणाला धक्के. चालवणाऱ्याला काही कामच नाही. चिमणे, तुला त्यातलं काय कळणार म्हणा! तू मधे बसतेस."

आत्याला एक चौक आठवला. पहिली गाडी, वीस वर्षांची ती, दादा शिकवायला शेजारी. चौकात गाडी बंद पडली, मागे हॉर्न वाजू लागले, समोरून ट्रक आला. दादा एवढ्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. "उतर! जा, मागे जाऊन बस. तुझं काम नाही हे." ती उतरली आणि मागे जाऊन बसली. नेमकी मधे. सगळी सीट मोकळी असताना आपण मधेच का बसलो, हे तिला अजून कळलेलं नाही.

"बरं, सांग," दादांनी विषयाला पूर्णविराम द्यायचा ठरवलं. "बेस ना?"

चारही चेहरे तिच्याकडे वळले. राजाने डोळ्यांनी विनवलं, सूनबाईने भुवया उडवल्या. जिभेवर "बेस" आलंही होतं. एकेचाळीस वर्षांची सवय.

"दादा," ती म्हणाली, "ऑटोमॅटिक धक्के देते हे तुला कसं कळतं?"

"कसं म्हणजे? बसल्याबरोबर कळतं. डोळे मिटून सांगेन मी, कुठली गिअरची आणि कुठली बिनगिअरची!"

"मीट मग."

"काय?"

आत्याने पर्समधून नंबर काढायची चौकट काढली. ती चौकट ती कुणाच्या भरवशावर दुकानात सोडत नसे. काचांच्या दोन्ही खाचांत तिने काळ्या चकत्या बसवल्या, एरवी एक डोळा झाकायला वापरतात त्या. "दोन्ही गाड्यांतून एकेक फेरी. आधी कुठली ते सांगणार नाही. तू नुसतं सांगायचं, आता बरं की आधी बरं. आणि बसायचं मधे."

"मधे मी?"

"अण्णांचा नियम. आज माझी जागा तुला दिली. म्हणजे आज मतही तुझंच."

मत आपलं, हे ऐकून दादा विरघळले. मास्तरकीत उभी हयात गेलेल्या माणसाला परीक्षा देताना बघायची संधी कोण सोडतो? राजा तर आनंदाने उड्या मारायचाच बाकी होता. पाच मिनिटांनी साडेपाच फुटांचे दादा मागच्या सीटवर, बायको आणि सुनेच्या मधे, गुडघे छातीशी आणि नाकावर काळ्या चकत्या, असे बसले होते. नवस फेडायला बसवलेल्या माणसासारखे.

पहिली फेरी टॉप मॉडेलची. राजा चालवत होता, शेजारी विक्रेती मुलगी. शोरूममागचा रस्ता, दोन गतिरोधक, एक छोटा चढ, एक वळण. आपल्या आवडत्या मॉडेलची ताकद दाखवायची म्हणून राजाने गाडी जरा जास्तच पिटाळली. गतिरोधकावर दादांचं डोकं छताला लागायचं थोडक्यात चुकलं. चढावर गिअर बदलताना सगळे एकदा पुढे, एकदा मागे झुलले.

"बघा!" दादा चकत्यांआडून गर्जले. "हीच ती ऑटोमॅटिक! म्हणालो नव्हतो, धक्के देते?"

वहिनींनी तोंडात पदर कोंबला. राजाचे कान लाल झाले.

दुसरी गाडी दाराशी आली. दादांना धरून मधे बसवलं. राजा स्टिअरिंगकडे निघाला तेवढ्यात आत्याने त्याच्या दंडाला धरून बाजूला केलं आणि विक्रेत्या मुलीपुढे चष्म्याची डबी उघडली. मुलीने लायसन्स हातात घेतलं, चष्म्याआड डोळे बारीक करून जवळ नेलं, लांब नेलं.

"नंबर बदललाय तुझा," आत्या कुजबुजली. "सोमवारी दुकानात ये. आता एक शब्दही बोलू नकोस."

मुलगी मान हलवून शेजारच्या सीटवर जाऊन बसली. राजा तोंड उघडं टाकून फरशीवर उभा राहिला. आत्याने चालकाचं दार उघडलं. हे दार तिचं होतं; कुणाला गुडघे आखडावे लागले नाहीत.

"अगं बाई!" वहिनींच्या तोंडून निघालं.

"काय झालं?" दादांनी मान फिरवली.

वहिनींनी आरशात आत्याचे डोळे पाहिले. बेचाळीस वर्षांचा संसार आणि बेचाळीस वर्षांची नणंद, दोन्ही एका क्षणात तराजूत पडले.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "डास चावला. तुम्ही गप्प बसा, परीक्षा चालू आहे."

गाडी हलली, पण हलल्याचं कळलं नाही. आत्याचे पाय शांत होते. डावा पाय तर नुसता टेकून बसला होता, सुट्टीवर गेल्यासारखा. गतिरोधकाआधी तिने वेग इतका अलगद उतरवला की सूनबाईच्या मांडीवरची पर्स जागची हलली नाही. काच नखाने न ओरखडता चौकटीत कशी बसवायची हे जिच्या बोटांना छत्तीस वर्षं माहीत, तिच्या हाताला हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. चढ आला. गाडी गुणगुणत चढली. काय गुणाची गाडी! चौथ्या जन्मात का होईना, चढावरची धाप थांबली होती. आत्याला एकदम अण्णांची आठवण आली आणि डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. हात स्टिअरिंगवर हवे होते.

"वा!" मागून दादा म्हणाले. "याला म्हणतात गिअरची गाडी. गिअर कधी पडतो तेसुद्धा कळत नाही. अन् हात बघा! राजा, घरी असा का नाही रे चालवत?"

सूनबाई खिडकीबाहेर तोंड करून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

गाडी शोरूमच्या दाराशी थांबली. आत्याने हँडब्रेक ओढला आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "आता बरं की आधी बरं?"

"आता. शंकाच नाही. आधीची म्हणजे..." दादा थांबले. "चिमणे? तुझा आवाज पुढून कसा?"

त्यांनी चौकट काढली. उजेडाला डोळे सरावेपर्यंत दोनदा मिचकावले. मग स्टिअरिंगवरचे दोन हात त्यांना दिसले. गिअरच्या दांड्यावर आकडे नव्हते. खाली पायाशी पाहिलं, तर पेडल दोनच.

"लायसन्स?" त्यांनी मास्तरी थाटात हात पुढे केला.

डबी हातात आली. दादांनी पुढून वाचलं, मागून वाचलं, तारीख पुन्हा वाचली. "सकाळचं फिरणं," ते स्वतःशीच म्हणाले. मग, "मला का नाही सांगितलंस?"

"तू शिकवायला बसला असतास."

हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं की खरं आहे. दादांनी पाय सोडवायचा प्रयत्न केला. पायांखालच्या मधल्या उंचवट्यावर दोन्ही टाचा अवघडल्या होत्या. त्यांनी त्या उंचवट्याकडे पाहिलं. पाठीमागे टेकायला कडक फळी, पुढे पाय पसरायला जागा नाही, हात ठेवायला दोन्हीकडे दुसऱ्याची खिडकी.

"तू एकेचाळीस वर्षं इथे बसलीस?"

"प्रवास छान व्हायचे, दादा. तक्रार नाही." आणि मग तिला वाटलं, भिडस्तपणा आज तरी पुरे. "थोडी आहे."

दादा बराच वेळ डबी उघडत-मिटत राहिले. "त्या चौकात," ते म्हणाले, "तुझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. गाडी कुणाचीही बंद पडते. ट्रकला मी घाबरलो होतो. ओरडलो तुझ्यावर." त्यांनी डबी मिटली. "लाज वाटली म्हणून पुन्हा कधी विषय काढला नाही."

वहिनींनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

विक्रेती मुलगी उतरून फॉर्म घेऊन आली आणि खिडकीशी वाकली. "मग... कुठलं मॉडेल लिहू?"

सवयीने सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने आरशातून मागे बोट दाखवलं. "त्यांना विचार. मधे ते बसलेत."

"ऑटोमॅटिक," दादा म्हणाले. "लोळणाऱ्यांची." राजाने बाहेरून सनरूफचं नाव काढलं, तेव्हा सूनबाईने त्याला आठवण करून दिली की पंखा घरीही आहे.

घरी जायला जुनी गाडी बाहेर उभी होती. राजाने खिशातून किल्ली काढली आणि काही न बोलता आत्याच्या हातात ठेवली. ती गिअरची होती, क्लच जड होता, गुडघा आत्तापासूनच कुरकुरत होता. "दहा मिनिटांचा तर रस्ता," आत्या म्हणाली. "निरोप तरी नीट द्यायला हवा हिला." दादांनी मागचं दार उघडलं, वहिनींना गुडघे बाजूला करायला सांगितलं आणि आत सरकून मधे बसले.

"अहो, पुढे बसा की! जागा आहे."

"असू दे. पुढच्या गाडीच्या वेळी मत द्यायचंय ना? आत्तापासून सवय हवी."

वाटेत तो चौक लागला. दुसरा रस्ता नव्हताच. सिग्नल हिरवा झाला, आत्याने क्लच सोडला, गुडघ्यात कळ आली, आणि चौदा वर्षांत कधी दगा न दिलेली गाडी भर चौकात बंद पडली. मागे एक हॉर्न वाजला. मग दुसरा. समोरून ट्रक वळत होता.

आरशात तिला दादा दिसले. त्यांचं तोंड उघडलं होतं.

दादांनी तोंड मिटलं. मग मागे वळून, हॉर्न वाजवणाऱ्याला दिसेल असा, खडू धरल्यासारखा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"सावकाश," ते आत्याला म्हणाले. "थांबतील ते."

आत्याने किल्ली फिरवली.